पैनगंगेकाठचे मेहकर : मुक्कामाच्या शहराचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर हे पैनगंगा नदीकाठचे प्राचीन शहर आहे. महानुभाव वाङ्मय, मुघलकालीन प्रशासकीय नोंदी, मराठा व इंग्रज फौजांच्या हालचाली आणि ब्रिटिशकालीन गॅझेटिअर या सर्व साधनांमध्ये मेहकरचा उल्लेख येतो. हे उल्लेख मुख्यतः बाहेरून आलेल्या व येथे मुक्काम करून पुढे गेलेल्या व्यक्तींशी निगडित आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात मेहकरचा इतिहास 'मुक्कामाचे शहर' या दृष्टीने तपासला असून, मार्ग बदलला की शहराचे स्थान कसे बदलते आणि स्थानिक स्मृती जपण्याची जबाबदारी कोणावर येते, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मेहकर, पैनगंगा, बालाघाट, महानुभाव पंथ, शार्ङ्गधर बालाजी, ना. घ. देशपांडे, समृद्धी महामार्ग.

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासाचा विचार करताना सिंदखेडराजा, लोणार व शेगाव या तीन स्थळांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान, उल्काघाताने निर्माण झालेले सरोवर आणि संत गजानन महाराजांचे समाधिस्थान यांमुळे ही स्थळे सर्वदूर परिचित आहेत. त्या तुलनेत मेहकरचा स्वतंत्र विचार कमी झालेला दिसतो. लोणारला जाणारा प्रवासी मेहकरवरून जातो. परंतु मेहकर पाहण्यासाठी क्वचितच थांबतो. वास्तविक काही शतके परिस्थिती नेमकी उलट होती. त्या काळात लोणारची ओळख मेहकरच्या आधाराने सांगितली जात असे. हा बदल कसा घडून आला, हा प्रस्तुत अभ्यासाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) मेहकरच्या भौगोलिक स्थानाचा व त्याच्या ऐतिहासिक महत्त्वाचा संबंध तपासणे.
२) यादवकाळापासून ब्रिटिशकाळापर्यंत मेहकर येथे आलेल्यांच्या नोंदींचे स्वरूप समजून घेणे.
३) एकोणिसाव्या शतकात शहराचे महत्त्व कमी होण्याच्या कारणांचा शोध घेणे.
४) स्थानिक इतिहास जतन करण्यात नागरिक, साहित्यिक व महाविद्यालय यांच्या भूमिकेचा विचार करणे.

या अभ्यासासाठी प्रकाशित ग्रंथ, गॅझेटिअर व प्रचलित लोकपरंपरा यांचा आधार घेऊन ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. लोकपरंपरेतून आलेली माहिती त्या त्या ठिकाणी परंपरा म्हणूनच नोंदविली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे दोन ठळक विभाग केले जात. पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या, सपाट जमिनीचा प्रदेश म्हणजे पायनघाट आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठारी प्रदेश म्हणजे बालाघाट. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव ही गावे पायनघाटात येतात. चिखली व मेहकर बालाघाटात. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात बुलढाण्याजवळ उगम पावते आणि आग्नेय दिशेने वाहत मेहकर परिसरात येते. पुढे विदर्भ व मराठवाडा यांच्या सीमेवरून वाहत ती वर्धा नदीला मिळते.

मेहकरजवळ पैनगंगेचे पात्र तिच्या वरच्या टप्प्यातील आहे. येथे नदी जलवाहतुकीच्या उपयोगाची कधीच नव्हती. पावसाळ्यात ती वाट अडवीत असे आणि उरलेल्या काळात पायउताराने ओलांडता येत असे. जालन्याकडून नागपूरकडे जाणाऱ्यास पैनगंगा कोठे तरी ओलांडावीच लागते. मेहकर या वाटेवर होते. नदी ओलांडण्यापूर्वी किंवा ओलांडल्यानंतर थांबावयाचे, जनावरांना पाणी पाजावयाचे, शिधा घ्यावयाचा आणि पुढील मजल ठरवावयाची, असे हे ठिकाण होते. मेहकरच्या पुढील इतिहासाचे बीज या भूगोलात आहे.

महानुभाव वाङ्मयातील मेहकर

गावाच्या नावाची व्युत्पत्ती परंपरेने 'मेघंकर' या दैत्याशी जोडली जाते. शार्ङ्गधररूपी विष्णूने त्याचा वध केला, अशी कथा आहे. तथापि मेहकरचा अधिक विश्वसनीय प्राचीन उल्लेख महानुभाव वाङ्मयात मिळतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त श्रीचक्रधरस्वामींच्या मेहकर येथील वास्तव्याच्या लीळा असून, त्यांत बोणेबाई या स्त्रीभक्ताचे नाव येते. जवळच्या लोणार येथे यादव राजा कान्हरदेव स्वामींच्या भेटीस आल्याचा प्रसंगही याच ग्रंथात आहे. राजा भेटीला आला ते गाव लोणार. आणि एका सामान्य स्त्रीच्या श्रद्धेमुळे ग्रंथात स्थान मिळाले ते गाव मेहकर, हा फरक लक्षणीय आहे. बोणेबाई हे मेहकरच्या इतिहासातील बहुधा सर्वांत जुने नाव असे आहे, जे राजाचे किंवा सेनापतीचे नाही.

महानुभाव पंथाने स्वामींच्या मुक्कामांची काटेकोर नोंद ठेवली. एका रात्रीचा मुक्काम ती 'वसती' आणि दीर्घ मुक्काम ते 'अवस्थान', असा भेद पंथीय परिभाषेत केला जातो. 'स्थानपोथी' या ग्रंथात स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या गावांतील देवळे, त्यांची तोंडे कोणत्या दिशेस, कोणते स्थान कोठून किती अंतरावर, हा तपशील येतो. भक्तांना त्या स्थानी जाऊन नमस्कार करता यावा, हा या नोंदीमागील हेतू होता. परंतु त्यामुळे मध्ययुगीन महाराष्ट्रातील गावांच्या रचनेचे मोलाचे साधन हाती आले. या वाङ्मयाच्या संपादनाचे मोठे कार्य ज्यांनी केले, ते डॉ. वि. भि. कोलते याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यातील नरवेल येथे १९०८ मध्ये जन्मले, ही बाबही येथे नमूद करणे उचित ठरेल.

सरकारचे ठाणे

१५९६ मध्ये वऱ्हाड मुघल साम्राज्याकडे आला. अबुल फजलच्या 'आइन-इ-अकबरी'मध्ये वऱ्हाड सुभ्याच्या ज्या सरकारांची नोंद आहे, त्यांत गाविल, नरनाळा, कळंब, बाशीम, माहूर यांच्याबरोबर मेहकरचेही नाव आहे. 'सरकार' म्हणजे अनेक परगण्यांचा मिळून झालेला महसुली विभाग. याच ग्रंथात लोणारचा उल्लेख मेहकरचा एक भाग म्हणून येतो आणि तेथील सरोवराच्या क्षाराचा काच व साबण तयार करण्यासाठी उपयोग होत असल्याची माहिती दिली आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोणार हे मेहकरच्या अंकित होते.

या काळातील शहराच्या भरभराटीची एक परंपरा गॅझेटिअरकारांनी नोंदविली आहे. मेहकरमधील मोमीन विणकर एके काळी इतके संपन्न होते, की त्यांनी शहराला तटबंदी घालण्याचे काम अंगावर घेतले. पुढे पेंढाऱ्यांच्या लुटीने हा व्यवसाय खिळखिळा झाला आणि १८०३ च्या भीषण दुष्काळाने शहराची मोठी हानी केली. राजाने किंवा सुभेदाराने नव्हे, तर कारागिरांनी आपल्या गावाला तट बांधावा, ही स्मृती मेहकरच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाटेवरच्या गावाला व्यापाराचा लाभ मिळतो, तसा लुटीचा धोकाही सोसावा लागतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

फौजांचे मुक्काम

अठराव्या शतकात मेहकर परिसर दख्खनच्या राजकारणाच्या मध्यभागी आला. ऑक्टोबर १७२४ मध्ये मेहकरच्या पश्चिमेस असलेल्या साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात निर्णायक लढाई झाली. मुबारिजखान मारला गेला आणि हैदराबादच्या आसफजाही सत्तेचा पाया घातला गेला. या विजयाची आठवण म्हणून साखरखेर्ड्याला फत्तेखेर्डा असे नाव देण्यात आले.

१७६९ मध्ये पेशवे माधवराव यांनी नागपूरच्या जानोजी भोसले यांच्यावर मोहीम केली. राघोबादादांना साहाय्य केल्याबद्दल भोसल्यांना शासन करणे, हा या मोहिमेचा हेतू होता. या वेळी पेशव्यांचा आणि निजामाचा दिवाण रुक्नुद्दौला याचा तळ मेहकर येथे पडला होता. त्याच वर्षी मार्च महिन्यात झालेल्या कनकापूरच्या तहाने हा संघर्ष मिटला. यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, म्हणजे १८१७ मध्ये, इंग्रज सेनापती जनरल डव्हटन हा आप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध नागपूरकडे जात असताना मेहकर येथे थांबला. नोव्हेंबरच्या अखेरीस सीताबर्डीची लढाई झाली होती. डिसेंबरच्या मध्यास डव्हटन नागपुरास पोहोचला आणि त्यानंतर झालेल्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला.

माधवराव व डव्हटन यांचे हेतू भिन्न होते, सत्ता भिन्न होत्या. परंतु दोघांनाही मेहकरची वाट धरावी लागली. दोघांच्याही नोंदीत मेहकर हे तळाचे ठिकाण म्हणून येते. हजारो माणसे व जनावरे एखाद्या गावाजवळ उतरली, म्हणजे धान्य, वैरण, सरपण व पाणी यांची मागणी त्या गावावर येऊन पडते. फौज गेल्यावर शिवारात काय उरले असेल, याची नोंद मात्र मोहिमेच्या वृत्तांतात नसते. पाहुण्याने लिहिलेल्या इतिहासाची ही मर्यादा मेहकरच्या बाबतीत वारंवार जाणवते.

जिल्ह्याचे नाव आणि रेल्वेचा मार्ग

१८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. १८६४ मध्ये पश्चिम वऱ्हाडातून हा भाग वेगळा करून स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. प्रारंभी त्याला नैर्ऋत्य वऱ्हाड आणि नंतर मेहकर जिल्हा असे नाव होते. १८६७ मध्ये मुख्यालयासाठी बुलढाण्याची निवड झाली आणि जिल्ह्यालाही तेच नाव मिळाले. अशा रीतीने मुघलकाळापासून प्रशासनाचे केंद्र असलेले मेहकर तालुक्याचे गाव झाले.

याच सुमारास दुसरा, अधिक दूरगामी बदल घडला. भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात पायनघाटातून टाकण्यात आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे रेल्वेवर आली आणि १८७० मध्ये खामगावला शाखा जोडली गेली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे याच दशकात वऱ्हाडच्या कापसाला इंग्लंडमध्ये मोठी मागणी निर्माण झाली होती. त्यामुळे व्यापार रेल्वेच्या कडेला एकवटला. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ म्हणून पुढे आले. बालाघाटातील मेहकर मागे पडले. नागपूरला जाणारा प्रवासी आता पैनगंगा न ओलांडताच जाऊ लागला. म्हणून मेहकरच्या पीछेहाटीचे कारण केवळ लूट किंवा दुष्काळ यांत शोधणे अपुरे ठरते. वाट दुसरीकडे गेल्यामुळे थांबण्याचे कारणच उरले नाही, हे त्यामागील मूलभूत कारण होय.

शार्ङ्गधर : गावाने राखलेले दैवत

या उतरत्या काळातच मेहकरच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची स्थानिक घटना घडली. १८८८ मध्ये शहरात जमिनीखालून काळ्या पाषाणातील भव्य विष्णुमूर्ती मिळाली. सुमारे अकरा फूट उंचीची ही मूर्ती आज शार्ङ्गधर बालाजी या नावाने पुजली जाते. मूर्तिभंजनाच्या भयाने ती पूर्वी पुरून ठेवली असावी, असे मानले जाते. मूर्ती सापडल्यानंतर सरकार ती बाहेर नेणार, अशी वार्ता पसरली आणि ग्रामस्थांनी त्वरेने तिची प्रतिष्ठापना केली, अशी परंपरा शहरात सांगितली जाते.

या परंपरेतील प्रत्येक तपशील कागदोपत्री पडताळला गेला नसला, तरी तिचा आशय महत्त्वाचा आहे. मेहकरविषयीचे बहुतेक निर्णय तोपर्यंत बाहेर झाले होते. सरकारचे ठाणे, फौजेचा तळ, जिल्ह्याचे नाव यांपैकी कशातही गावकऱ्यांना विचारले गेले नव्हते. मूर्तीच्या बाबतीत मात्र निर्णय गावाने केला. ज्या काळात अनेक शिल्पे मूळ स्थानापासून दूर संग्रहालयांत गेली, त्या काळात ही मूर्ती सापडली त्याच शहरात राहिली. आज मेहकरला जे बाहेरगावचे लोक मुद्दाम येतात, त्यांपैकी बहुसंख्य तिच्या दर्शनासाठी येतात.

मेहकर येथील हेमाडपंती धाटणीची जुनी धर्मशाळा हा दुसरा महत्त्वाचा अवशेष होय. राजवाडा किंवा किल्ला नव्हे, तर पांथस्थांच्या निवाऱ्याची वास्तू या शहराची खूण म्हणून उरावी, हे त्याच्या इतिहासाशी सुसंगतच आहे. मात्र मूर्तीला पूजेचा आधार मिळाला, तसा या वास्तूला मिळाला नाही. जी वास्तू वापरात राहत नाही तिची दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न तिच्या बाबतीत अद्यापही सुटलेला नाही.

कवीचे शहर

मेहकरला आतून पाहणारा समर्थ शब्द विसाव्या शतकात कवी ना. घ. देशपांडे यांच्या रूपाने मिळाला. त्यांचा जन्म १९०९ मध्ये मेहकर तालुक्यातील सेंदुरजन येथे झाला. वकिलीचा व्यवसाय करीत त्यांनी आयुष्य मेहकर येथेच व्यतीत केले. 'शीळ' ही त्यांची कविता जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकात ध्वनिमुद्रिकेतून गायिली आणि ती महाराष्ट्रभर पोहोचली. मराठी भावगीताच्या प्रारंभीच्या टप्प्यात या गीताचा आवर्जून उल्लेख होतो. 'शीळ' हा त्यांचा पहिला संग्रह मात्र १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. 'खूणगाठी' या संग्रहास १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २००० मध्ये त्यांचे निधन झाले.

मेहकर परिसरात कंचनीच्या महालाची लोककथा प्रचलित आहे. लोणारच्या कमळजादेवीचा दिवा आपल्या महालातून दिसावा, अशी इच्छा धरून कंचनीने उंच महाल बांधावयास घेतला, असे ही कथा सांगते. मेहकर व लोणार यांचे जे नाते 'आइन-इ-अकबरी'त महसुलाच्या भाषेत येते, तेच लोककथेत दिव्याच्या ओढीतून व्यक्त होते. ना. घ. देशपांडे यांच्या एका काव्यसंग्रहाचे नावही 'कंचनीचा महाल' असेच आहे. गावाने तोंडी जपलेली कथा अशा प्रकारे मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात आली. पुण्यामुंबईस न जाताही मराठी कवितेत अढळ स्थान मिळविता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

महाविद्यालय आणि स्थानिक इतिहास

ना. घ. देशपांडे यांच्या तरुणपणी मेहकर येथे उच्च शिक्षणाची सोय नव्हती. वऱ्हाडात अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय १९२३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी नागपूर गाठावे लागे. पुढे मेहकर एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थेच्या प्रयत्नांतून शहरात महाविद्यालयीन शिक्षण उपलब्ध झाले. या बदलाचा एक अर्थ असा, की ज्या गावातून विद्यार्थी बाहेर जात, त्या गावात आता आसपासच्या खेड्यांतून विद्यार्थी येऊ लागले. तीन-चार वर्षे येथे शिकणारा विद्यार्थी हा मेहकरचा नव्या काळातील मुक्कामी होय.

या संदर्भात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एक उदाहरण उद्बोधक आहे. ओहायो राज्यातील मारिएट्टा हे छोटे शहर ओहायो व मस्किंगम या नद्यांच्या संगमावर १७८८ मध्ये वसले. तेथील महाविद्यालयास १८३५ मध्ये सनद मिळाली. नदीवरील होड्यांच्या वाहतुकीने ते शहर वाढले. रेल्वे आल्यावर नदीवाटेचे महत्त्व तेथेही घटले. शहर वसविताना वसाहतकारांना तेथे मूळ रहिवाशांनी उभारलेले प्राचीन मातीचे उंचवटे आढळले. त्यांपैकी काही जागा त्यांनी सार्वजनिक म्हणून राखून ठेवल्या आणि सर्वांत मोठ्या उंचवट्याभोवती १८०१ मध्ये दफनभूमी केली. त्यामुळे तो आजही टिकून आहे. ज्यांनी तो उभारला ते लोक मात्र त्या भूमीवरून विस्थापित झाले, हे विसरता येणार नाही.

मारिएट्टाची नदी ही वाट होती, मेहकरची नदी ही वाटेतील अडसर होती; त्यामुळे दोन्ही शहरांची तुलना मर्यादित अर्थानेच करता येते. तरीही जुन्या वास्तूला चालू जीवनात जागा मिळाली तर ती टिकते, हा मुद्दा दोन्हीकडे लागू पडतो. मेहकरचा शार्ङ्गधर पूजेत असल्यामुळे टिकला. धर्मशाळेला तशी जागा अभ्यासाच्या रूपाने मिळू शकते. इतिहास व मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांनी तिची मोजमापे व छायाचित्रे घेणे, स्थानपोथीतील वर्णनाशी आजच्या स्थळांचा मेळ घालून पाहणे, विणकर व मोमीन कुटुंबांच्या मौखिक परंपरा लिहून ठेवणे, ही कामे शहरातील महाविद्यालयाच्या आवाक्यातील आहेत. बाहेरच्या अभ्यासकाला काही दिवसांच्या भेटीत ती साधणार नाहीत.

समृद्धी महामार्ग : जुनी वाट, नवा प्रश्न

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि ७०१ कि.मी. लांबीचा संपूर्ण मार्ग जून २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बुलढाणा जिल्ह्यात तो सिंदखेडराजा व मेहकर परिसरातून जातो. जालन्याकडून नागपूरकडे जाणारी, डव्हटनने धरलेली दिशा दीडशे वर्षांनंतर पुन्हा मुख्य प्रवासमार्ग झाली आहे. रेल्वेने पायनघाटात नेलेली वाट बालाघाटात परतली, असे म्हणता येईल.

परंतु जुन्या वाटेवर थांबणे अपरिहार्य होते; नव्या मार्गाचा हेतूच न थांबता जाणे हा आहे. लोणारसाठी मेहकरला उतरणाऱ्या प्रवाशाला या शहरात पाहण्यासारखे काय आहे, हे सांगणारे साधन उपलब्ध नसेल, तर तो शहरातून केवळ निघून जाईल. लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाल्याने तेथील ओघ वाढणे स्वाभाविक आहे. त्याचा लाभ मेहकरला होणे न होणे हे मेहकर आपला इतिहास कसा मांडते, यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

निष्कर्ष

१) मेहकरचे ऐतिहासिक महत्त्व पैनगंगा ओलांडणाऱ्या जालना-नागपूर वाटेवरील मुक्कामाचे ठिकाण म्हणून निर्माण झाले.
२) लिखित साधनांतील मेहकर हे प्रामुख्याने बाहेरून आलेल्यांनी पाहिलेले मेहकर आहे. बोणेबाई व मोमीन विणकर यांसारख्या तुरळक नोंदींतून येथील रहिवाशांचा इतिहास डोकावतो.
३) १८६७ मधील मुख्यालयाचा बदल व त्याच काळात पायनघाटातून गेलेला लोहमार्ग यांमुळे शहराचे प्रशासकीय व व्यापारी महत्त्व घटले.
४) शार्ङ्गधर मूर्तीची प्रतिष्ठापना व ना. घ. देशपांडे यांची कविता या दोन गोष्टींतून शहराने आपली ओळख स्वतः घडविली.
५) समृद्धी महामार्गामुळे जुनी वाट पुन्हा जागी झाली असली, तरी प्रवाशाला थांबावेसे वाटण्याचे कारण शहरालाच निर्माण करावे लागणार आहे. धर्मशाळेचे जतन आणि मौखिक इतिहासाचे संकलन हे त्या दिशेचे पहिले काम होय.

मेहकरने सात-आठ शतके येणाऱ्यास जागा दिली. त्यांच्यापैकी अनेकांनी आपल्या वृत्तांतात या गावासाठी एका ओळीहून अधिक जागा ठेवली नाही. उरलेला इतिहास येथील घरांत, पेठेत व नदीकाठी आहे आणि तो सांगू शकणारी वयोवृद्ध पिढी दिवसेंदिवस विरळ होत आहे. तो लिहून काढण्याचे काम बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाची वाट पाहत थांबू नये, एवढेच या विवेचनातून सुचवावयाचे आहे.